शाळा भरता-सुटताना गेटसमोरचा रस्ता गाड्यांना बंद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळी गेटसमोरचा रस्ता गाड्यांसाठी बंद ठेवू या, असं कुणी पालकसभेत सुचवलं की पहिल्या पाच मिनिटांतच प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. बहुतेक प्रश्न रास्त असतात आणि त्यांना नीट उत्तरं मिळायला हवीत. आमचं मत आधीच सांगतो : दिवसातला तेवढा वेळ तो रस्ता मुलांचा असला पाहिजे. मुलांनी गाड्यांमधून वाट काढायला शिकावं, अशी अपेक्षा सहा वर्षांच्या जिवाकडून करणं चूक आहे. त्या वेळेपुरतं मोठ्यांनी थांबावं.

नेमकं काय करायचं असतं?

गेटसमोरचा रस्त्याचा एक तुकडा, साधारण एका चौकापासून दुसऱ्या चौकापर्यंतचा, ठरलेल्या वेळी मोटारगाड्यांना बंद करायचा. दोन्ही टोकांना वेळ लिहिलेला फलक लागतो, सोबत बॅरिकेड किंवा कॅमेरा. चालणाऱ्यांना, सायकलींना, व्हीलचेअरला रस्ता पूर्ण रुंदीने मोकळा. वेळ संपली की बॅरिकेड बाजूला आणि रस्ता पुन्हा नेहमीसारखा. जगभर याला ‘स्कूल स्ट्रीट’ म्हणतात.

किती वेळ बंद असतो?

इटलीतल्या बोल्झानो शहरात ही पद्धत सुरू झाली तेव्हा शाळा भरताना आणि सुटताना जेमतेम पंधरा-पंधरा मिनिटं रस्ता बंद व्हायचा. आता बहुतेक ठिकाणी अर्धा ते एक तास ठेवतात. वेळ ठरवताना घंटा कधी होते हे पाहू नका. पहिलं मूल कधी येतं आणि शेवटचं कधी निघतं, हे आठवडाभर गेटवर उभं राहून पाहा. दोन सत्रांच्या शाळेत एक सत्र सुटताना दुसरं भरत असतं. तिथे दोन वेगळ्या वेळा ठेवण्यापेक्षा एकच सलग वेळ ठेवावी, कारण सगळ्यात जास्त चेंगराचेंगरी त्या मधल्या वेळातच होते.

ही कल्पना कुठून आली?

बोल्झानोचं वर्ष १९८९. त्याही आधी, १९७२ पासून, जपानमध्ये प्राथमिक शाळा आणि बालवाड्यांच्या आसपास ‘स्कूल झोन’ आखायला सुरुवात झाली होती. तिथले कित्येक छोटे रस्ते मुलांच्या येण्याजाण्याच्या वेळी वाहनांना बंद असतात. बेल्जियममध्ये गेंट शहराने २०१२ मध्ये पाऊल उचललं आणि २०१८ मध्ये त्या देशाच्या वाहतूक नियमांत शाळेच्या रस्त्याची व्याख्याच आली. एडिनबर्गमध्ये २०१५ ला, लंडनच्या कॅम्डेन भागात २०१६ ला आणि हॅकनीत २०१७ ला प्रयोग सुरू झाले. २०२० च्या साथीत गेटसमोर अंतर राखून उभं राहायला फुटपाथ पुरेना, तेव्हा लंडनमध्ये असे रस्ते झपाट्याने वाढले. आज तिथे त्यांची संख्या ५०० च्या वर आहे. ऑस्ट्रियाने २०२२ मध्ये कायद्यात तशी तरतूद केली. म्हणजे हा प्रयोग आता नवखा राहिलेला नाही. वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या हवामानात तो करून झाला आहे.

गेटसमोर गाड्यांचा वेग कमीच असतो. मग धोका कसला?

हा प्रश्न गाडीत बसून विचारला जातो. एकदा गेटसमोर खाली उतरून, मुलाच्या उंचीला वाकून पाहा.

दोन गाड्या फुटपाथला चिकटून उभ्या आहेत, तिसरी त्यांच्या बाजूला दुहेरी लावलेली. चौथीला निघायचंय म्हणून ती रिव्हर्स घेते आहे. तिच्या मागून पहिलीतला मुलगा दप्तर सावरत पलीकडे आलेल्या आईकडे निघालाय. त्याचं डोकं गाडीच्या मागच्या काचेच्या खालच्या कडेपर्यंतही पोचत नाही. आरशात तो दिसणार नाही. ताशी दहा किलोमीटर म्हणजे अगदी हळू वाटतं, पण त्या वेगाने येणारी गाडी एका सेकंदात पावणेतीन मीटर सरकते. चालवणाऱ्याचं लक्ष त्याच क्षणी समोरच्या रिकाम्या जागेवर असतं, कारण ती दुसरा कुणीतरी पटकावेल.

शिवाय उभ्या गाड्यांच्या मधून रस्ता ओलांडणारं मूल कुणालाच दिसत नाही आणि त्यालाही येणारी गाडी दिसत नाही. आपण मुलांना शिकवतो, ‘दोन्हीकडे बघून ओलांड.’ पण बघून समजायला हवं ना? लंडनच्या रॉयल हॉलोवे विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिलं की प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांची नजर ताशी साधारण ३२ किलोमीटरपेक्षा वेगाने येणाऱ्या गाडीचा वेग नीट ओळखू शकत नाही. गाडी जवळ येते आहे हेच त्यांना पुरेसं जाणवत नाही. यात मुलाचा निष्काळजीपणा नाही आणि पालकांच्या शिकवण्यातही काही कमी नाही. ती क्षमता वयाने येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालांनुसार ५ ते २९ या वयोगटात मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण रस्ते अपघात हे आहे. त्यातले थोडेच शाळेच्या गेटवर होतात, हे खरं. पण ज्या ठिकाणी शेकडो मुलं रोज एकाच वेळी एकत्र येतात, तिथला धोका टाळणं सगळ्यात सोपंही आहे.

हवेत खरंच फरक पडतो का? अर्ध्या तासाने असं काय होणार?

लंडनमध्ये ब्रेंट, एन्फिल्ड आणि लॅम्बेथ या भागांतल्या १८ प्राथमिक शाळांपाशी सेन्सर लावून मोजणी झाली. २०२१ मध्ये तिचे निष्कर्ष आले : सकाळी मुलं सोडण्याच्या वेळेत नायट्रोजन डायऑक्साइड २३ टक्क्यांपर्यंत कमी झाला. यातलं ‘पर्यंत’ महत्त्वाचं आहे, प्रत्येक शाळेत तेवढाच फरक पडला असं नाही. आणि एका रस्त्याने शहराची हवा सुधारते, असा दावाही कुणी करू नये.

पण तो अर्धा तास कुठला असतो, ते पाहा. इंजिन चालू ठेवून थांबलेल्या गाड्या, त्यांचे धुराचे पाइप जमिनीपासून हातभर उंचीवर, आणि शेजारून जाणाऱ्या मुलांची नाकं मोठ्यांपेक्षा त्या पाइपांच्या कितीतरी जवळ. वजनाच्या मानाने मुलं मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात आणि त्यांची फुप्फुसं अजून वाढत असतात. दमा असलेल्या मुलाच्या आईला हे समजावून सांगावं लागत नाही.

लंडनमध्ये वर्दळीच्या साउथ सर्क्युलर रोडजवळ राहणारी एला ॲडू-किसी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी फेब्रुवारी २०१३ मध्ये दम्याच्या झटक्याने गेली. तिच्या आईने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि डिसेंबर २०२० मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने तिच्या मृत्यूला हवेचं प्रदूषणही कारणीभूत असल्याची नोंद केली. ब्रिटनमध्ये अशी नोंद पहिल्यांदाच झाली. तो प्रश्न एका शाळेच्या गेटपेक्षा फार मोठा होता. पण जिथे आपल्या हातात आहे, तिथे तरी मुलांना धुरात का उभं करायचं?

इलेक्ट्रिक गाडीला तरी आत सोडा. तिचा धूर नसतो.

धूर नसतो, पण टायर आणि ब्रेक झिजून उडणारे कण असतात. आणि रिव्हर्स घेताना मागचं मूल इलेक्ट्रिक गाडीतूनही दिसत नाही, उलट तिचा आवाज कमी असल्यामुळे मुलालाही ती कळत नाही. सूट देऊ नये.

मग सगळ्या गाड्या शेजारच्या गल्लीत जाऊन उभ्या राहणार. दुखणं इकडून तिकडे, एवढंच ना?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात गंभीर प्रश्न. शेजारच्या गल्लीत राहणारे हा प्रश्न चिडून विचारतात आणि त्यांचं चिडणं समजण्यासारखं आहे.

एडिनबर्ग नेपियर विद्यापीठाने २०२० मध्ये अशा १६ ठिकाणच्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात असं दिसलं की बंद रस्त्यावरच्या गाड्या तर कमी होतातच, आणि आसपासच्या रस्त्यांवर वाहतूक सरकली तरी त्यातून सुरक्षिततेचा मोठा प्रश्न उभा राहिलेला नाही. याची कारणं अवघड नाहीत. गेटपर्यंत गाडी नेता येत नाही म्हटल्यावर काही पालक गाडी काढतच नाहीत. ज्यांचं घर दहा-पंधरा मिनिटांवर आहे त्यांचा गाडीचा फायदाच संपतो. लंडनच्या त्याच मोजणीच्या वेळी पालकांना विचारलं तेव्हा १८ टक्के पालकांनी आपण गाडीने कमी येतो असं सांगितलं. उरलेले एकाच गल्लीत जात नाहीत, चारी दिशांना पांगतात आणि एकाच मिनिटाला येतही नाहीत. गेटसमोर पन्नास मीटरमध्ये कोंबलेली गर्दी अर्ध्या किलोमीटरच्या परिघात विरळ होते.

रस्त्याची जागा कमी केली की वाहतूक तेवढीच्या तेवढी दुसरीकडे वाहते, हा समज बाकीच्या रस्त्यांबाबतही खरा ठरलेला नाही. ब्रिटिश संशोधक कॅर्न्स, ॲटकिन्स आणि गुडविन यांनी ११ देशांतली ७० हून अधिक उदाहरणं तपासली. आजूबाजूचे रस्ते धरूनही त्या भागातल्या वाहतुकीत सरासरी सुमारे २२ टक्के घट होती. ही सरासरी काही मोठ्या आकड्यांनी वर ओढलेली आहे, मधलं मूल्य साधारण ११ टक्के येतं. तरीही घट ती घटच.

एवढं सांगून झाल्यावर हेही सांगायला हवं : पहिले काही आठवडे शेजारच्या गल्लीला त्रास होतो. लोक सवयीने गेटच्या जास्तीत जास्त जवळचा कोपरा गाठतात आणि कुणाच्या तरी फाटकासमोर गाडी लावतात. म्हणून रस्ता बंद करण्याआधी थोडं लांबचे दोन-तीन थांबे ठरवून पालकांना नकाशासह कळवावेत. गल्लीतल्या लोकांना आधी भेटावं. त्यांना पहिल्यांदा बॅरिकेड दिसलं आणि मग कळलं, तर ते कायमचे विरोधात जातात.

आमचं घर लांब आहे, गाडीशिवाय जमणारच नाही.

गाडी सोडा असं कुणी म्हणत नाही. शेवटचा तुकडा चाला, एवढंच मागणं आहे. लहान मूल सेकंदाला साधारण मीटरभर चालतं, म्हणजे पाच मिनिटांत तीनशे मीटर. गेटपासून तीनशे मीटरवर गाडी लावायला जागा मिळणं गेटसमोर मिळण्यापेक्षा खूप सोपं असतं. दुहेरी पार्किंग, हॉर्न आणि मागे-पुढे करण्यात रोज जाणारा वेळ धरला तर कित्येक पालकांची हिशेबात पाच मिनिटं वाचतात.

मी ऑफिसला जाता जाता मुलीला सोडते. ती पाच मिनिटंही माझ्याकडे नाहीत.

काही घरांची सकाळ खरंच इतकी काट्यावर चाललेली असते, विशेषतः एकट्या पालकाची. हे ताण खोटे मानून पुढे जाता येणार नाही. अशांसाठी सगळ्यात उपयोगी पडते ती चालती बस : ठरलेल्या थांब्यावर एक-दोन मोठी माणसं उभी असतात, मुलं गोळा होतात आणि रांगेने शाळेत जातात. ब्रिटनमध्ये १९९८ मध्ये सेंट ऑल्बन्स इथे अशी पहिली चालती बस निघाली. जपानमध्ये तर मोठी मुलं शेजारच्या लहान मुलांना घेऊन गटाने शाळेत जातात. तुम्ही मुलीला थांब्यावर सोडायचं आणि तिथूनच निघायचं. गेटपर्यंत गाडी नेण्यापेक्षा हे लवकर होतं.

अट एकच, सोबत चालणारी माणसं रोज वेळेवर आली पाहिजेत. एक दिवस कुणी आलं नाही तर पालकांचा विश्वास उडतो. म्हणून थांबे थोडेच ठेवा, पण नियमित ठेवा.

मुसळधार पाऊस असला तर?

रस्ता बंदच राहतो. पावसात काचा धुकटतात, ब्रेक उशिरा लागतात, छत्र्यांमुळे मुलांना बाजूचं दिसत नाही. मुलांना गाड्यांपासून दूर ठेवण्याची गरज त्या दिवशी जास्तच असते. पाणी तुंबलं, झाड पडलं, तर शाळा आणि वाहतूक पोलीस मिळून ठरवतील.

त्याच रस्त्यावर राहणाऱ्यांनी काय करायचं?

त्यांना सूट असते. बेल्जियमच्या नियमात स्थानिक रहिवासी त्या वेळेतही गाडी नेऊ शकतात, मात्र चालण्याच्या वेगाने आणि पायी जाणाऱ्यांना आधी वाट देऊन. कॅमेरा असेल तिथे रहिवाशांचे गाडीनंबर आधी नोंदवून घेतात. बॅरिकेड असेल तिथे स्वयंसेवक गाडीसमोर चालत जातो आणि तिला बाहेर काढून देतो.

बहुतेक रहिवासी थोड्याच दिवसांत आपल्या वेळा जुळवून घेतात. नाहीतरी त्या अर्ध्या तासात त्यांची गाडी आधीही बाहेर निघत नव्हतीच, समोर कुणीतरी गाडी लावून गेलेलं असायचं.

मूल दिव्यांग असेल, किंवा पाय मोडलेला असेल?

गाडी गेटपर्यंत येईल. यावर चर्चा नको. अशा मुलांची यादी शाळेकडे असावी, बॅरिकेडवरच्या माणसाकडे त्या गाड्यांचे नंबर असावेत आणि पालकांना रोज कारण सांगायला लागू नये. दिसत नाही असं अपंगत्वही असतं. गर्दीत घाबरणारं, अचानक पळत सुटणारं मूलही त्यात येतं. यादीत नाव घालायचं की नाही हे शाळेने आणि पालकांनी ठरवावं, बॅरिकेडवर उभ्या असलेल्या माणसाने नाही. रिकामा झालेला रस्ता व्हीलचेअरवरच्या मुलांना फार सोयीचा होतो, हे मात्र आवर्जून सांगायला हवं. फुटपाथवर चढवलेल्या गाड्यांमुळे आधी त्यांचीच वाट सगळ्यात जास्त अडायची.

ॲम्ब्युलन्स, अग्निशमन दल?

त्यांच्यासाठी रस्ता नेहमी खुला. बॅरिकेड एका माणसाला ढकलता येईल इतकंच जड असावं, साखळी-कुलूप अजिबात नको. दुहेरी पार्किंग नसलेल्या रस्त्यावर ॲम्ब्युलन्स आधीपेक्षा लवकर पोचते.

स्कूल बस आणि व्हॅन?

बस एका फेरीत कितीतरी मुलं आणते, तेव्हा तिला हाकलून देणं शहाणपणाचं नाही. रस्ता रुंद असेल तर बसथांबा बंद भागाच्या टोकाला, बॅरिकेडच्या बाहेर ठेवावा आणि मुलं तिथून चालत यावीत. तेवढी जागा नसेल तर रस्ता बंद होण्याच्या आधी बस आत येऊन उभी राहते आणि रस्ता उघडल्यावरच हलते. मुलं रस्त्यावर असताना बसने आत रिव्हर्स घ्यायचा नाही, हा नियम कुणासाठीही मोडू नये. छोट्या व्हॅनना वेगळी सूट दिली की खासगी गाड्याही व्हॅन असल्याचं सांगू लागतात. त्यांना बाहेरचाच थांबा द्यावा.

दुचाकी चालेल का?

इंजिन किंवा मोटर असलेली दुचाकी नाही. ‘माझी स्कूटर कुठे जागा अडवते’ हे बरोबर आहे, पण चालणाऱ्या मुलांमधून नागमोडी वाट काढत जाते तीही तीच. उतरून ढकलत न्यायला हरकत नाही. सायकल चालेल, गर्दीत मात्र मोठ्यांनी सायकलवरून उतरावं.

बॅरिकेडवर कोण उभं राहणार? लोक ऐकतात का?

योजना टिकते की कोलमडते, ते इथे ठरतं.

पहिल्या दिवशी काय होतं ते सांगतो. गाडी येते, काच खाली होते आणि वाक्य येतं : ‘दोनच मिनिटं, मुलाला सोडतो आणि लगेच निघतो.’ माणूस सभ्य असतो, खरोखर घाईत असतो, मागच्या सीटवर मूल तुमच्याकडे बघत असतं. त्याला सोडलं की मागचा म्हणतो, ‘त्याला सोडलं, मग मला का नाही?’ आणि पाच मिनिटांत रस्ता पूर्वीसारखा भरतो. म्हणून उभं राहणाऱ्याकडे एकच वाक्य हवं आणि ते सगळ्यांना सारखंच म्हणायला हवं : ‘सगळ्यांसाठीच बंद आहे, पुढच्या थांब्यावर जागा आहे.’ वाद घालायचा नाही, आवाज चढवायचा नाही. कुणी घुसलंच तर गाडीसमोर आडवं जायचं नाही, नंबर टिपून घ्यायचा. स्वयंसेवकाचा जीव नियमापेक्षा मोठा आहे.

प्रत्येक टोकाला शक्यतो दोघं असावीत, अंगात चमकणारं जॅकेट असावं. पहिल्या काही आठवड्यांत वाहतूक पोलीस नुसते बाजूला उभे असले तरी फार फरक पडतो.

आणि वेळ पाळा. बॅरिकेड पाच मिनिटं उशिरा लागलं तर तोवर दहा-बारा गाड्या आत शिरून उभ्या राहिलेल्या असतात. मग मुलं रस्त्याच्या मधोमध मोकळेपणाने चालत असतानाच त्या बाहेर निघायला लागतात. पूर्ण उघड्या रस्त्यापेक्षा हे जास्त धोक्याचं, कारण मुलं निर्धास्त झालेली असतात.

स्वयंसेवकांवर चाललेली योजना वर्षानुवर्षं चालणं कठीण असतं, हे मान्य करायला हवं. उत्साही पालकांची मुलं मोठी होऊन शाळा सोडतात आणि बॅरिकेड कोपऱ्यात पडून राहतं. लंडनमध्ये म्हणूनच नंबर टिपून दंड पाठवणारे कॅमेरे आले. इंग्लंडच्या बाकी भागातल्या स्थानिक संस्थांना असा दंड करण्याचा अधिकार मिळायला मे २०२२ उजाडलं. कॅमेरा थकत नाही, ओळख बघत नाही. पण तो घुसलेल्या गाडीला थांबवतही नाही, फक्त दंड पाठवतो. आमच्या मते सुरुवात माणसांनी करावी, म्हणजे लोकांशी बोलणं होतं, आणि घडी बसली की जबाबदारी स्थानिक प्रशासनाने पगारी माणूस किंवा कॅमेरा देऊन उचलावी. सार्वजनिक रस्ता सुरक्षित ठेवणं हे पालकांचं फावल्या वेळातलं काम नाही.

शाळा स्वतःच रस्ता बंद करू शकते का?

नाही. रस्ता सार्वजनिक असतो. तो ज्या संस्थेच्या ताब्यात आहे तिची आणि वाहतूक पोलिसांची लेखी परवानगी लागते. परवानगीशिवाय लावलेलं बॅरिकेड म्हणजे अडथळाच, आणि काही झालं तर जबाबदारी लावणाऱ्यावर येते. आधी काही आठवड्यांच्या प्रयोगाची परवानगी मागा, ती मिळणं सोपं जातं.

आमची शाळा मुख्य रस्त्यावर आहे.

मग हा उपाय बहुधा तुमच्यासाठी नाही. बसमार्ग आणि लांबची वाहतूक असलेला रस्ता दिवसातून दोनदा बंद करता येत नाही. आधी पाहा, शाळेला मागच्या किंवा बाजूच्या गल्लीत दुसरं गेट उघडता येईल का. कित्येक शाळांना ते असतं, फक्त वर्षानुवर्षं कुलूप लावलेलं. तेही शक्य नसेल तर मग रुंद फुटपाथ, उंच केलेलं क्रॉसिंग, पार्किंगबंदी आणि ताशी ३० किलोमीटरची खरोखर पाळली जाणारी मर्यादा, यासाठी झगडावं लागेल.

असं जपलं तर मुलांना रहदारीची सवय कशी लागणार?

गाडीतून गेटपर्यंत आणि गेटमधून गाडीत, अशा आयुष्यात ती सवय कुठे लागते? इंग्लंडमध्ये १९७१ साली सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं मोठ्यांशिवाय शाळेत जायची. १९९० मध्ये ती ९ टक्के उरली. रस्ते धोक्याचे झाले म्हणून पालक गाडीने सोडू लागले आणि त्या गाड्यांनी रस्ते आणखी धोक्याचे केले. हे चक्र कुठेतरी तोडावं लागेल. थांब्यापासून गेटपर्यंत रोज चालणारं मूल वाटेत एखादं खरं क्रॉसिंग ओलांडतं, आधी हात धरून, मग सोबतीने, मग एकटं. सवय अशीच लागते.

पहिल्या दिवसांत एक गोष्ट दिसते. रस्ता पूर्ण रिकामा असूनही मुलं कडेकडेनेच चालतात, अंग चोरून, भिंतीला लागून. इतकी ती शिकवण मुरलेली असते. मधोमध यायला त्यांना वेळ लागतो. मग कुणीतरी मध्ये येतं, दुसरी त्याच्यामागे धावते, पालकही घोळक्याने उभे राहून बोलू लागतात. एरवी हॉर्नच्या आवाजात एकमेकांना नमस्कारही होत नव्हता.

काम झालं की नाही, कसं कळेल?

बंद करण्याच्या आधी मोजलं नसेल तर कळणार नाही. म्हणून आधी एक आठवडा आणि नंतर तशाच एका आठवड्यात या नोंदी घ्या : गेटसमोर आणि शेजारच्या प्रत्येक गल्लीत किती गाड्या आल्या, किती दुहेरी उभ्या राहिल्या, वर्गात हात वर करून कितीजण चालत किंवा सायकलने आले. शेजारची गल्ली मोजायला विसरू नका. विरोधक तिचाच आकडा विचारतील आणि त्यांनी तो विचारायलाच हवा. मोजणी मोठ्या मुलांकडून करून घेतली तर गणिताचा तासही होतो.

पालकांचाच विरोध असेल तर?

सुरुवातीला असतोच. लंडनच्या मोजणीतल्या शाळांत नंतर ८१ टक्के पालक बाजूने होते, पण ती अनुभव घेतल्यानंतरची गोष्ट आहे. कागदावर मतदान घेऊन मग प्रयोग करायचा ठरवलं तर प्रयोग बहुधा होणारच नाही, कारण त्या वेळी लोक काय गमावणार तेच दिसत असतं. एक दिवस रस्ता बंद करून दाखवा, मग काही आठवडे, मग मत विचारा. विरोध करणाऱ्यांतल्या एखाद्याला थांबे ठरवण्याच्या कामात घ्या. कोणत्या कोपऱ्यावर गाडी वळत नाही आणि कुठे पाणी साचतं, हे त्यालाच नेमकं माहीत असतं. आणि मुलांना विचारायला विसरू नका, त्यांचं मत या चर्चेत जवळजवळ कधीच घेतलं जात नाही.

सुट्टीच्या दिवशीही रस्ता बंद राहतो का?

नाही. फलकावर ‘फक्त शाळेच्या दिवशी’ असं स्पष्ट हवं. कॅमेरा असेल तर सुट्ट्यांचं वेळापत्रक त्याच्या यंत्रणेत भरलेलं हवं. सुट्टीत एकाला जरी दंडाची नोटीस गेली तरी सगळ्या योजनेवरचा विश्वास जातो.

मग कायमचाच का बंद करत नाही?

काही ठिकाणी केला आहे. पॅरिसमध्ये शाळांसमोरचे कित्येक रस्ते पूर्ण वेळ चालणाऱ्यांना दिले गेले, डांबर काढून झाडं लावली, बाकडी ठेवली. मार्च २०२५ मध्ये तिथे आणखी ५०० रस्ते असे करण्याच्या प्रस्तावावर मतदान झालं आणि सुमारे ६६ टक्के मतं बाजूने पडली. मतदानाला आले मात्र ४ टक्क्यांच्या आसपासच मतदार, त्यामुळे त्यावरून सगळ्या शहराचं मन कळलं असं म्हणता येत नाही. कायमचं बंद करण्यासाठी दुसरा वापरता येण्यासारखा रस्ता, दुकानांच्या मालाची सोय आणि रहिवाशांची मनापासून तयारी लागते. वर्षभर वेळेपुरतं बंद ठेवून पाहा. त्या वर्षात बाकीच्या वेळीही तिथून फारशा गाड्या जात नाहीत असं मोजणीत दिसलं, आणि ही मागणी त्या रस्त्यावर राहणाऱ्यांकडूनच आली, तर पुढचा अर्ज करा.